एका कान्याची चूक

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची. माझ्या जन्मात मिरवण्यासारखं काही नाही. कागद गिरणीतला, शिलाई एका म्हाताऱ्या बाइंडरच्या हातची. दुकानाच्या फळीवर मी वर्षभर धूळ खात होते.

मग एका ताईंनी मला घेतलं आणि माझं नशीब उघडलं. ताईंची संस्था वगैरे काही नव्हती, एकटीचाच कारभार. ज्यांना जगाशी जुळवून घेणं जड जातं अशा मुलांना आणि मोठ्यांना त्या घराच्या पुढच्या खोलीत शिकवायच्या. बस कशी पकडायची, अनोळखी माणसाला ‘नाही’ कसं म्हणायचं, असं. माझ्या पहिल्या पानावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘समोरच्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच दिवशी.’ प्रत्येक पानाच्या कडेला एक रकाना आखला, ‘कोणाला कळवलं?’ शिवाय मला कुलपात ठेवायच्या. खरं सांगू? त्या कुलपाने मी जरा शेफारलेच. बाकीच्या वह्यांमध्ये पाढे, माझ्यात माणसांची काळजी!

पण ताईंच्या वर कोणी नव्हतं. मला उघडून ‘हे काय लिहिलंय?’ असं विचारणारं दुसरं माणूसच नव्हतं.

छकुली आमच्याकडे दर मंगळवारी यायची. वय बावीस, मन सहा-सात वर्षांचं, जीभ जड. आईबापांमागे मामानेच तिला सांभाळलेलं. मामा म्हणजे देवमाणूस, असं सगळी गल्ली म्हणायची. छकुलीने स्वच्छ बोलावं यासाठी ताईंनी जिवाचं रान केलं होतं. एकेक शब्द त्या घोटून घ्यायच्या आणि जमला की टाळ्या वाजवून म्हणायच्या, “शाब्बास!” त्या एका शब्दासाठी छकुली काहीही करायची.

एका मंगळवारी तिचं कोपर सुजलेलं होतं. मामा दारातूनच हसत म्हणाला, “जिन्यावरून पडली हो. धांदरट आहे नुसती!” आणि निघून गेला.

“काय गं, फार दुखतंय का?” ताईंनी विचारलं.

“मला पाडलं.”

ताई हसल्या. “‘मला पाडलं’ नाही गं वेडाबाई, ‘मी पडले’ म्हणायचं. म्हण बघू.”

“मला पाडलं,” छकुली पुन्हा म्हणाली. या वेळी जरा मोठ्याने.

“अंहं. मी... पडले.”

ताईंनी पाच वेळा म्हणवून घेतलं. पाचव्या वेळी छकुली अगदी स्वच्छ म्हणाली, “मी पडले.” ताईंनी टाळ्या वाजवल्या. मग मला उघडून लिहिलं, ‘जिन्यावरून पडली. उच्चारात चांगली प्रगती.’ कडेचा रकाना कोराच राहिला.

शाई माझ्या अंगावर वाळत होती आणि मला ओरडता येत नव्हतं. मी स्वतःलाच एवढी वाईट कधी वाटले नव्हते.

पुढच्या महिन्यात ओठ फुटला, त्यानंतर मनगट सुजलं. दोन्ही वेळा छकुलीने न अडखळता सांगितलं, “मी पडले.” दोन्ही वेळा तिला शाब्बासकी मिळाली.

चौथ्या वेळी ती आलीच नाही. कमरेचं हाड मोडून ती दवाखान्यात होती. मामाने तिला जिन्यावरून ढकललेलं शेजारच्या आजींनी डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच पोलिसांत गेल्या. ताई मला घेऊन धावल्या. दवाखान्यातल्या बाकावर बसून त्यांनी माझी जुनी पानं वाचली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ‘पडली’ला काना द्यायला त्यांनी पेन काढलं, तेव्हा चौकशीला आलेल्या पोलीस बाईंनी त्यांचा हात धरला.

“आता खाडाखोड नको, ताई. आहे तसं राहू द्या.”

“ती पाडलं म्हणाली होती हो,” ताई हुंदके देत म्हणाल्या. “मीच तिची चूक सुधारली.”

पोलीस बाई खाटेशी बसल्या. “घाबरू नकोस बाळा. काय झालं ते सांग.”

छकुलीने दारात उभ्या ताईंकडे पाहिलं. मग एकेक अक्षर सांभाळत ती म्हणाली, “मी पडले.” आणि टाळ्यांची वाट पाहत ताईंकडे बघून हसली.

मित्रांनो, आजींच्या साक्षीमुळे ती आता मामाच्या घरी नाही, एवढंच बरं झालं. चालू मात्र शकत नाही. मी एका सरकारी पाकिटात बंद आहे. माझं एवढंच मागणं आहे. कोणी दुखणं सांगू लागलं तर त्याची भाषा सुधारू नका. आधी ऐका, जसंच्या तसं लिहा आणि ते आपल्याशीच न ठेवता दुसऱ्या जाणत्या माणसाला त्याच दिवशी दाखवा. पहिल्यांदा ऐकताना चूक होऊ शकते, कबूल. पण छकुलीने दोनदा सांगितलं होतं.