करप्याचं गणित

कल्याणजवळ, मोहन्यापलीकडच्या एका गावात एम.एस्सी. झालेली शकू पहिलीच आगरी पोर. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ती कॉम्प्युटरवर बसायची. एकोणनव्वदच्या भादव्यात भातावर करपा पडला, तेव्हा तिनं रविवारी बांधाबांधानं फिरून पानांवरचे ठिपके मोजले. हवा किती दमट, वारा कुठला, सगळं समीकरणांत घातलं. उत्तर दरवेळी एकच आलं: बुरशी कमळाकाकीच्या शेतातून पसरतेय. ते शेत आठवड्यात कापून जाळलं, तर बाकीचं गाव वाचेल.

शकूचा बा, गोविंदा, गावचा पंच. त्यानं बैठक बोलावली. कमळाकाकी विधवा, तिला तेवढं एकच शेत. ती उठून शकूसमोर आली.

"चूक तर नाय ना गो?"

"नाय काकी. तीनदा तपासलंय."

पहिला विळा काकीनंच लावला. हिरवं भात जळेना, रॉकेल ओतलं तरी दोन दिवस नुसतं धुमसत राहिलं.

बाराव्या दिवशी नदीकडच्या शेतात ठिपके उठले. तिकडे तर वारा जातच नव्हता. पाठोपाठ गोविंदाच्या शेतात, मग सगळीकडे. शकू हादरली. आधी विचारायला हवं होतं ते आता घरोघर विचारत फिरली: रोपं कुठनं आणलीत? औंदा बहुतेकांची रोपं कुजली होती, म्हणून सगळ्यांनी गावातल्याच दामाजीच्या राबातली, त्याच्या रोपं वाढवायच्या वाफ्यातली, नेली होती. रोग रोपांबरोबरच शेताशेतात पोचला होता. काकीचं शेत सखल, झाडांच्या सावलीत, दव टिकणारं. तिथं तो आधी दिसला, एवढंच.

"गप ऱ्हा," बा म्हणाला. "तुजं गणित कोनाला कलतंय?"

शकू तरी काकीला सांगायला गेली. काकी ओटीवर बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माजं अर्धं तरी हाती आलं असतं?"

"हो काकी."

"मला इचारायचंस गो," काकी हळूच म्हणाली. "दामाजीच्या राबात रोपांच्या मुठी बांधायला मीच होते. कोनी किती नेल्या, सगलं सांगितलं असतं."

शकूला रडूसुद्धा आलं नाही.

गावाला त्या साली निम्मं पीक आलं. गोविंदानं काकीकडे भाताचं पोतं पाठवलं, ते तिनं ठेवून घेतलं. दिवाळीनंतर ती विठ्ठलवाडीला एका कारखान्यात झाडायला लागली. पुढे शकूच्या लग्नाला सगळं गाव आलं. काकी आली नाही.