खंडेनवमीचा सर्व्हर

सर्व्हर बंद करून गोकुळदासनं त्याला झेंडूची माळ घातली, तरी बाहेरचा प्रिंटर खडखडत बिलं छापतच राहिला.

कुंकू लावून, नारळ फोडून आरतीला उचललेलं ताट हवेतच थांबलं. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या औषध कारखान्यात संगणक सांभाळायला लागल्यापासून दर खंडेनवमीला तो सर्व्हर बंद करायचा. मग सगळं ऑफिस खोळंबायचं आणि खोळंबलेली माणसं मुकाट्यानं पूजेला यायची. वर्षातून एवढाच काय तो त्याचा मान. आज कोणी फिरकलं नाही.

"सिद्धी, सर्व्हर बंद आसा. मगे बिलां खंयसून येतात?"

पूर येवो, आग लागो, काम थांबता कामा नये, म्हणून त्याच्या हाताखाली नव्यानं आलेल्या, जवळच्या सर्वण गावच्या सिद्धीनं गेल्याच महिन्यात पुण्यात दुसरा सर्व्हर जोडून सगळी व्यवस्था नवी करून दिली होती. तिनं स्क्रीन पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काका, सिस्टिमाक दिसलें, हांगाचो सर्व्हर मेलो. तिणें आपसूक पुण्याचो चालू केलो. बंद करचे आदीं दुरुस्तीचें बटण दाबूंक सांगिल्लें न्हय तुमकां?"

"दुरुस्ती खंय करतालों हांव? पूजा करतालों!"

कुरकुरत त्यानं सर्व्हरच्या बटणाकडे हात नेला.

"बरें, चालू करतां परत."

"नाका! आतां मुख्य तो पुण्याचो. दोनूय मुख्य जाले जाल्यार सगळो घोळ जातलो. हो पुसूंक जाय, आनी पुण्याची नक्कल घेवन दुय्यम म्हणून जोडूंक जाय. आतांच. सद्या सगळ्याची एकच प्रत आसा, ती पुण्याक."

"आज? पुजिल्लें हत्यार उत्तरपूजे आदीं हालयनात गे."

"फाल्यां दसऱ्याची सुट्टी. मदीं पुण्याचो बंद पडलो जाल्यार?"

गोकुळदासला राग आला. कोणाचा, ते काही कळेना. पोरीचं चुकत नव्हतं. दर पावसाळ्यात याच मशीनच्या काळजीनं त्याची झोप उडायची, ती आता लागणार होती. मग वाईट कशाचं वाटतंय? आणि ज्याची आत्ता पूजा केली तो मेला म्हणजे नेमकं काय झालं? त्याचं डोकं चालेना.

"मागीर उत्तरपूजा आतांच करतां," तो शेवटी म्हणाला.

मंत्र धड येत नव्हते. आठवतील तेवढे पुटपुटून त्यानं अक्षता वाहिल्या आणि विसर्जनाआधी मूर्ती हलवतात तशी सर्व्हरची पेटी जराशी सरकवली. सिद्धी चपला काढून मागं उभी होती. मशीन चालू करून तिनं पुसण्याची तयारी केली आणि कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

"काका, तुमीच दाबा."

"ना गे. ह्याच हातांनी पुजलां ताका. तूं दाब."

तिनं बटण दाबलं तेव्हा तो पाठमोरा बसून नारळाचे तुकडे करत होता, न आलेल्या सगळ्यांना पुरतील एवढे.