शेजारचा विस्तव

केटुराने किटलीतलं पाणी चुलीत ओतलं. थंडीभर जपलेला विस्तव चर्रकन विझला, घरभर राख उडाली. खोकतच तिने झाकणाचं लोखंडी भांडं उचललं आणि आठव्या महिन्याचं पोट सावरत, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांमधून शेजारची वाट धरली.

ओहायोच्या त्या रानात ओंडक्यांची घरं दोनच. तिचा नवरा जोथम मात्र त्याला खुशाल गाव म्हणायचा. आज त्यातलं अर्धं गाव कनेक्टिकटला परत निघालं होतं. गेल्या उन्हाळ्यातल्या हिवतापाने शेजारच्या आसाहेलचं मनच उडालं होतं. थांबा म्हणून केटुराने एकदा विनवून पाहिलं. दुसऱ्यांदा तिची जीभ रेटेना. पण विस्तव मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. निखारे वेचता वेचता बोलणं निघेल, एवढीच तिची आशा.

दारात गाडी भरून उभी होती, बैल जुंपलेले.

"लोव्हिसा, चूल विझली गं माझी. चकमक जोथम घेऊन गेलाय गिरणीला. परवा येईल."

"आमचीही विझवली की," आसाहेलची बायको म्हणाली. "जाताना जळती ठेवतात का?"

हे केटुराच्या डोक्यातच आलं नव्हतं. हातातलं रिकामं भांडं जड झालं.

"अगं, मग आपली चकमक काढून दे तिला," आसाहेल म्हणाला. "कुठेय?"

"पेटीत. तळाशी."

"आणि पेटी?"

"गाडीत. तळाशी."

"शाब्बास! संसार बांधलास की विहीर खणलीस?"

"पोटुशी बाई गारठ्यात टाकून जायचं असेल तर चला. मी आडवी येत नाही."

आसाहेल पुटपुटत खुर्च्या उतरवू लागला. मग चरखा. गोधड्या. मक्याची पोती. लोव्हिसा एकेक खुर्ची आत नेऊन जुन्या जागी ठेवत होती. ऊन डोक्यावर आलं, बैल हंबरू लागले, तशी त्याने त्यांच्या मानेवरचं जू काढलं.

"आज काही निघणं होत नाही," तो बैलांनाच म्हणाला.

शेवटी पेटी खाली आली. लोव्हिसाने वाकून तळ चाचपला.

"इथेच तर ठेवली होती बाई!"

वाकताना तिच्या एप्रनचा खिसा लोंबला आणि त्यातून चकमकीच्या पोलादाचं टोक चमकलं. केटुराने ते पाहिलं. तिने पाहिलेलं लोव्हिसाने पाहिलं.

"आसाहेलभाऊ," केटुरा म्हणाली, "गाडीत अजून दोन पोती दिसतायत. तीही उतरवून बघा ना."