माझ्या तोंडावरची चिकटपट्टी

मित्रांनो, रियाधमधल्या एका भंगाराच्या अंगणात उन्हाने तापत पडलेला हा जुना गिझर म्हणजे मी. आता कधी तापायचं हे सूर्य ठरवतो.

कारखान्यात मला पाणी गरम करण्यासाठी घडवलं. मग रत्नागिरीहून आलेल्या हुसेनमियाँच्या बाथरूममध्ये भिंतीवर चढलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात गोंधळून गेलो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटके देई. म्हणून त्यांची बायको अख्तरी माझं बटण बंद ठेवी आणि माझ्या पोटात निवलेलं पाणी आंघोळीला घेई. लाल खुणेच्या नळाला गार पाणी, निळ्या खुणेच्या नळाला कढत! सगळी बिल्डिंग असंच करत असे. "आपला माठच आहे हा," असं हुसेनमियाँ पाहुण्यांना कौतुकाने सांगत. यावर खूश व्हावं की रुसावं, मला कळेना. थंडीत मात्र बटण चालू होई आणि मी पुन्हा गिझर होई.

मग एका जानेवारीत युद्ध आलं. ते कसं दिसतं मला ठाऊक नाही. त्यांच्या मुलीची, सुहानाची, शाळा बंद झाली आणि भोंगे वाजू लागले. विषारी वायू येईल या भीतीने लोक घरातली एक खोली चिकटपट्टीने बंद करत. आमच्याकडे बाथरूम निवडली. पाण्यातही विष कालवतील, अशी अफवा कुणीतरी उठवली. हुसेनमियाँनी टाकीकडून माझ्याकडे येणाऱ्या पाण्याची चावी बंद केली. माठातलं पाणी तरी प्यायला चांगलं राहील, असं त्यांना वाटलं. अख्तरीला सांगायचं मात्र राहून गेलं. इकडे थंडी म्हणून तिने बाथरूमबाहेरच्या भिंतीवरचं माझं बटण चालूच ठेवलेलं. एक जण मला माठ समजत होता, दुसरी गिझर. मी ऐकायचं तरी कुणाचं?

त्या संध्याकाळी भोंगा वाजला. तिघं आत आली. दार लावून फटींवर पट्ट्या चिकटवल्या, खाली ओले टॉवेल कोंबले. नवं गार पाणी येत नव्हतं आणि बटण चालूच, त्यामुळे माझ्या पोटात पाणी खदखदत होतं. जास्तीची वाफ सोडायला माझ्या बुडाशी एक छोटी झडप आहे. तेच माझं तोंड. मी फुसफुसलो.

"अब्बा, गॅस! वो देखो, पाइप से आ रहा है!" सुहाना किंचाळली.

हुसेनमियाँनी झडपेत फडकं कोंबलं आणि वरून चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे दिले. "खलास. आता नाय येत."

मित्रांनो, मी फार घाबरलो. त्यांचा शत्रू कुठे होता देव जाणे, त्यांच्या डोक्यावर तर मीच टांगलेला होतो. मला फुटायचं नव्हतं. आणि ओरडायला तोंडही उरलं नव्हतं. माझा पत्रा कडकड वाजू लागला.

अख्तरीने वर पाहिलं. "सुहानाचे अब्बा, चावीला हात लावलात काय?"

"बंद केली. पाणी जपायला."

"या अल्ला! आणि बटण चालू हाय!"

तिने झटकन लाल खुणेचा नळ सोडला. वाफ अशी उसळली की कुणाला कुणी दिसेना. पण बटण दाराबाहेर होतं. ती दाराकडे धावली तसे हुसेनमियाँ ओरडले,

"दार उघडू नको! बाहेर गॅस असंल!"

"बाहेर असंल नायतर नसंल. हितलं मरण तर समोर दिसतंय!"

तिने ओढणी नाकाला लावली, पट्ट्या टराटरा ओढल्या आणि श्वास रोखून बाहेर गेली. टक् असा आवाज आला आणि माझ्या पोटातली आग विझली.

"या बाहेर," ती म्हणाली. "चुलीवरच्या सालनाचा वास येतोय फक्त." सुहाना धावत जाऊन तिला बिलगली.

पुढे युद्ध संपलं आणि दारावरच्या पट्ट्या निघाल्या. माझ्या झडपेवर त्यांचा डिंक अजून आहे. मी बरीच वर्षं कधी माठ, कधी गिझर होऊन राबलो. मग नवा गिझर आला आणि माझी रवानगी इथे झाली. कोण कुणाशी का लढत होतं, ते मला आजही उमगलेलं नाही.

तुम्हाला एकच विनवणी आहे. घरातलं यंत्र फुसफुसलं, गळलं, तर त्याचं तोंड बांधू नका. आधी बटण बंद करा. आणि चावी फिरवलीत, तर घरातल्या माणसांना तेवढं सांगा.