तिसऱ्या गाण्यातलं प्रवचन

"पाद्रीबाबा आलेत. पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन बसलेत," तंबूतल्या मंचाच्या पडद्याआडून डोकावत मेरेरिड म्हणाली.

इडवलच्या हातातून ड्रमची काठी निसटली. इथेलने गिटारवरून मान वर केली. पाद्रीबाबा म्हणजे त्याचे वडील.

"कोणी बोलावलं त्यांना?"

"दूधवाल्या एल्विनने आणलं असेल. 'तुमचं लेकरू देवाचं गातं' असं सांगून. त्याचं तोंड कुठे गप्प बसतंय!"

चार वर्षांपूर्वी चॅपलच्या मागच्या खोलीत या तिघांचा बँड जमला, तेव्हा त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. मग बँगरच्या एका पबमध्ये गिटारची तार तुटली आणि वेळ मारून न्यायला इथेलने वडिलांसारखं प्रवचन सुरू केलं. साध्या बोलण्यातून आवाज चढत जातो, शब्दांना आपोआप चाल लागते, वक्त्याला स्वतःची शुद्ध राहत नाही, ते आमच्याकडचं हुइल. लोक हसून हसून लोळले. तेव्हापासून तिसऱ्या गाण्यात प्रवचन ठरलेलंच. त्यावर दोन कॅसेट खपल्या, रेडिओवर नाव झालं आणि आज लंडनच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस खुर्चीत येऊन बसला होता. बँडच्या भरवशावर इडवलने वसंतातच दूधकेंद्राच्या लॉरीवरची नोकरी सोडली होती.

ती थट्टाच होती. पण इडवलच्या अंगावर दरवेळी खरा काटा यायचा. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आज प्रवचन नको. नुसती गाणी म्हणू," इथेल म्हणाला.

"गाणी सगळेच म्हणतात! तो माणूस लंडनहून कशासाठी आलाय?"

"बाबांच्या तोंडावर करू?"

"त्यांना हल्ली कमी ऐकू येतं," इडवल म्हणाला.

"हो तर," मेरेरिड फिसकन हसली. "परवाच शेवटच्या बाकावर माझ्या गोळीचा कागद वाजला, तर प्रवचन थांबवून बघितलं त्यांनी."

इथेल इडवलकडे बघत राहिला.

"नेस्टवहिनीचे दिवस भरत आले ना रे?"

इडवलने होकारार्थी मान हलवली.

"बरं. करतो."

पहिली दोन गाणी कशी गेली ते इडवलला कळलंच नाही. ताल हात सांभाळत होते, डोळे पहिल्या रांगेवर खिळले होते. तिसऱ्या गाण्यात इथेलने हात वर केला आणि लोक आधीच शिट्ट्या वाजवायला लागले.

"तहानलेल्या माणसा, कुठे निघालास? झरा तर तुझ्या दारामागे वाहतोय!"

शब्द वडिलांचे, हातवारे वडिलांचे. सूर चढत गेला. पाद्रीबाबांचे डोळे मिटले होते, ओठ हलत होते. एकाएकी ते उठून उभे राहिले आणि चॅपलमध्ये भरल्या मनाने द्यावी तशी त्यांनी खणखणीत दाद दिली, "आमेन! बोल बाळा, पुढे बोल!"

तंबूत हशा फुटला. "आजोबांनाही घ्या रे बँडमध्ये!" मागून कोणीतरी ओरडलं.

इथेल थांबला. म्हातारा त्या हशात तसाच उभा होता, पुढच्या वाक्याची वाट बघत. इडवल ताल देत राहिला. एक आवर्तन, दुसरं, तिसरं. 'बोल रे, काहीतरी बोल,' तो मनात म्हणत होता. इथेलने माइक हळूच खाली ठेवला, मंचावरून उतरला आणि वडिलांना धरून खुर्चीत बसवून शेजारी बसला. मेरेरिडने बास गिटारची वायर काढली. इडवलने आणखी दोन आवर्तनं वाजवली, मग काठ्या गुडघ्यांवर ठेवल्या.

लंडनचा माणूस मात्र खूश होऊन मंचामागे आला. भाषा कळत नसली तरी मजा कळली होती. "झकास! तो म्हातारा दर कार्यक्रमाला मिळेल? मग सही आजच करू."

इडवलला नेस्टचे सुजलेले पाय आठवले. इथेल मागे येऊन उभा राहिला होता.

"नाही मिळणार," इडवल म्हणाला.

"मग तुमच्याकडे दुसरं काय आहे?"

"दुसरं काही नाही."

तो गेल्यावर इथेल म्हणाला, "मला ते पुन्हा जमणार नाही, इडवल."

"ठाऊक आहे. चल, सामान उचलू."

मेरेरिडने कोणाकडे न बघता वायरी गुंडाळल्या. मैदानावर अजून लख्ख ऊन होतं. पितळी झांज घेऊन इडवल व्हॅनकडे निघाला, तर पाद्रीबाबांनी हात पुढे केले.

"जड आहे, बाबा. राहू द्या."

"दे इकडे."

चॅपलमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट बाकाबाकांवरून न्यावं तशी त्यांनी ती झांज दोन्ही हातांत धरली आणि जराही तिरपी होऊ न देता ते कालच्या पावसाच्या चिखलातून सावकाश चालू लागले. इडवल व्हॅनचं दार उघडून धरून उभा राहिला.