उजवीकडचं बाक

आमच्या बोटीचा संडास बोटीच्या पार नाकात होता. तिथे पोचायला तीन उभ्या पायऱ्या उतरायच्या, डोकं सांभाळत केबिन ओलांडायची आणि कपाटाएवढ्या त्या खोलीत पाठमोरं शिरायचं, कारण आत गेल्यावर वळायला जागाच नव्हती. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यावर हे दिव्य त्यांना झेपेना. एकदा पायरीवरून घसरले आणि तेव्हापासून त्यांनी बोटीत पाऊल टाकलं नाही. रोज सकाळी धक्क्यावर जायचे, बोटीकडे बघत दहा मिनिटं उभे राहायचे आणि घरी यायचे. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आता बोटही गेली तर हा माणूस दिवसभर करणार काय, ही काळजी मला खात होती.

दादा फोनवर म्हणाला, "विकून टाकू. नुसती पडून सडतेय."

"एक हंगाम थांब," मी म्हणाले. "आतली मांडणी बदलून घेते. तरीही बाबा चढले नाहीत, तर खुशाल विकू."

मी लोकांच्या घरांतली स्वयंपाकघरं आखून देते. आठ बाय सहाच्या खोलीत मी भलेभले संसार बसवलेत. त्यामुळे अठ्ठावीस फुटी बोट म्हणजे डाव्या हातचा मळ, अशा तोऱ्यात मी कामाला लागले. पहिल्याच दिवशी केबिनमध्ये बुडबुड्याची लेव्हल ठेवून ओट्याची उंची आखायला बसले. बोटींची लाकूडकामं करणारे आमचे जुने मिस्त्री पायरीवर बसून बराच वेळ ते बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"ताई, तुम्ही नुसती मांडी बदललीत तरी तो बुडबुडा हलणार. ही तरंगती वस्तू आहे. इथे जमिनीवरचं शहाणपण चालत नाही."

मी लेव्हल मुकाट्याने पिशवीत टाकली.

बोट खरं तर पहिल्यापासून डावीकडे कललेली. शेगडी, सिंक, फ्रिज, पाण्याची टाकी, सगळं आधीच्या मालकाने डाव्या अंगाला कोंबलं होतं. मोठे मासे गळाने धरायच्या हौसेपायी बाबांनी ती जुनीच विकत घेतली. पेशाने ते वजनकाटे दुरुस्त करायचे. धक्क्यावर त्यांना सगळे काटेमास्तर म्हणत. एका बाजूला झुकलेली कुठलीही गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपायची. दुसऱ्या कोणी सामान हलवलं असतं. बाबांनी आईला हलवलं.

"तू उजवीकडच्या बाकावर बस," ते म्हणाले.

"बायको म्हणून आणलंत मला, की वजन म्हणून?"

"किती आहे तुझं वजन?" कानामागची पेन्सिल काढत बाबांनी विचारलं.

"अठ्ठावन्न," आई म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही तिची. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि दोघांच्या मधे बसले होते.

तो आकडा धरून बाबांनी बोटीच्या जड बॅटऱ्या सरकवल्या, आणि पुढची सव्वीस वर्षं आई त्या बाकावर बसली. तिला माशांत काडीचा रस नव्हता. पाय वर घेऊन ती शब्दकोडी सोडवायची आणि खालून ओरडायची, "अहो, चार अक्षरी, 'धीर नसलेला'!" वर बाबांच्या गळाला नेमकं काहीतरी भलंमोठं लागलेलं असायचं. "उतावीळ!" ते ओरडायचे, आणि मासा सुटायचा. मग परतीच्या वाटेवर तो मासा दर मैलाला फूटभर वाढायचा. निघण्याआधी मात्र एक ठरलेलं होतं. आई बाकावर बसली की बाबा टेबलावर एक काचेची गोटी ठेवायचे. गोटी जागची हलली नाही की म्हणायचे, "चला." तो "चला" पुन्हा ऐकायला मिळावा, म्हणूनच मी हा सगळा उपद्व्याप मांडला होता. बाकी आराखडे आणि मोजमापं हे बोलायला बरं.

जुना ओटा काढताना सिंकखाली जाड कापडाची एक शिवलेली पिशवी निघाली. छोटीशी, पण उचलताना हात खाली गेला. आत शिशाची वजनं होती. मिस्त्रींनी ती हातात तोलली, "पाच किलो," म्हणाले आणि होती तिथे परत ठेवली. मीही विचारलं नाही. जुन्या बोटीत काय वाटेल ते सापडतं.

माझ्या नव्या आराखड्यात संडास पायऱ्यांना लागून, उजव्या हाताला येत होता. पायऱ्या तीनऐवजी पाच, रुंद आणि बुटक्या, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. मी कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"सगळं काढ. उजवीकडचं बाक तेवढं राहू दे."

"तिथेच तर संडास यायचाय, बाबा."

"मग मी येत नाही."

"बघते," मी म्हणाले. आमच्या घरात "बघते" म्हणजे "नाही", हे बाबांना ठाऊक होतं.

मला वाटलं, म्हातारपणी हळवे झालेत. आईची जागा म्हणून हट्ट धरलाय. एकदा सोय झाली की विसरतील. आता आठवलं की माझा मलाच राग येतो. एका सकाळी ते गुडघ्यांच्या व्यायामाला गेले होते, ती वेळ मी साधली. मिस्त्री म्हणाले, "मास्तरांना विचारलंत?" मी म्हणाले, "तुम्ही स्क्रू काढा."

बाकाची फळी उचलली. फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने, बाबांच्या टापटीप अक्षरात, ५८ लिहिलं होतं. आणि खणात तशाच शिवलेल्या पिशव्या ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीवर आकडा. बारा पिशव्या पाच-पाच किलोंच्या, एक तीनची. मी एकेक उचलून धक्क्यावर नेऊन ठेवली. शेवटची ठेवून वळते, तोवर आत मिस्त्रींची पटाशी घसरत डावीकडे गेली आणि कपाटाचं दार आपोआप उघडलं. बोट डाव्या अंगावर कलली होती.

मागे काठीचा आवाज आला. बाबा आले होते. त्यांनी बोटीच्या अंगावरची पाण्याची रेघ पाहिली, मग माझ्या पायाशी पडलेल्या पिशव्या पाहिल्या.

"तिला उठवलंस?" ते म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांना दोराच्या पेटीवर बसवलं.

"ती गेल्यावर एकटाच जायचो. बोट कलायची. मग तिच्या जागी या ठेवल्या."

"पण हे त्रेसष्ट किलो होतात, बाबा. फळीवर तर अठ्ठावन्न लिहिलंय."

"ते तिने सांगितलेलं." बाबा किंचित हसले. "जन्मभर काटे दुरुस्त केले मी. बायकोचं वजन कळणार नाही मला? पहिल्याच दिवशी गोटी तिच्याकडे पळाली. पण तुझ्यासमोर तिला खोटं कुठे पाडू? म्हणून पाच किलो गुपचूप डावीकडे ठेवले, सिंकखाली. गोटी थांबली. तिला कधी कळलं नाही."

मी मनात हिशेब केला आणि न राहवून बोलून गेले, "मग ती गेल्यावर इकडे अठ्ठावन्नच ठेवायचे आणि सिंकखालचे पाच काढून टाकायचे. तेवढंच झालं असतं."

"झालं असतं," बाबा म्हणाले. "पण ती त्रेसष्ट होती. आणि सांगायची अठ्ठावन्न. त्यातलं कुठलं काढू?"

ते काठी टेकत उठले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. घरात मी समोर गेले की पेपर तोंडासमोर धरायचे.

मी आराखडा फाडला. नव्याने काढला. संडास पायऱ्यांजवळच, पण डावीकडे. त्यासाठी फ्रिज काढून टाकला. नाहीतरी त्यात मासा कधी गेला होता? शेगडी आणि सिंक पुढे सरकवले, सिंकखालच्या पिशवीसकट. मिस्त्रींनी गेलेल्या आणि आलेल्या सामानाची वजनं किलोकिलोने जुळवून बघितली. उजवीकडचं बाक त्याच फळीने, त्याच स्क्रूंच्या भोकांत परत बसलं. मग धक्क्यावरच्या पिशव्या. दोन-दोन करत, सात खेपांत मी आईला परत आत नेऊन बसवलं. शेवटच्या खेपेला मिस्त्रींनी तोंड फिरवलं आणि उगाच खिळे मोजत बसले.

संध्याकाळी घरी जाऊन मी पेपराला सांगितलं, "बाक जागेवर आहे. सगळ्या पिशव्या आत आहेत. मी चुकले, बाबा."

पेपर हलला नाही.

सकाळी साडेसहाला काठीचा आवाज आला. बाबा धक्क्यावर उभे होते, आणि त्यांच्या डोक्यावर मासेमारीची जुनी टोपी होती. त्यांनी पाण्याची रेघ पाहिली. मग दांडा धरला, बोटीत आले आणि एकेक करत पाचही पायऱ्या उतरले. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "सरक, मला येतं." संडासाचं दार उघडून बघितलं, आत जाऊन मजेत वळून दाखवलं आणि मान डोलावली. मग बाकापाशी येऊन थांबले. बराच वेळ त्यांनी फळीवरून हात फिरवला.

"काढ पिशव्या," ते म्हणाले.

"पण बाबा..."

"माणूस असताना पिशव्या कशाला? तू येणार आहेस ना?"

मी पिशव्या काढून धक्क्यावर ठेवल्या. पाच किलोंची एक तेवढी बाबांनी पायाशी ठेवून घेतली. फळी बसवायच्या आधी त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.

"वजन किती तुझं?"

"त्रेसष्ट," मी म्हणाले. आदल्याच आठवड्यात घरच्या काट्यावर अडुसष्ट भरले होते. तो काटा त्यांनीच दुरुस्त केलेला.

बाबांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. ५८च्या खाली टापटीप अक्षरात ६३ लिहिलं आणि फळी लावली. मी बसले. त्यांनी खिशातून गोटी काढून टेबलावर ठेवली. गोटी हळूहळू माझ्याकडे आली.

"वर जाऊन दोर बघ बरं जरा," बाबा म्हणाले.

दोर ठीक होता, हे मला माहीत होतं. तरी मी गेले आणि तो निरखत उभी राहिले. खालून बाबांचं कण्हणं ऐकू आलं, मग सिंकखालच्या दाराची कुरकुर. दार परत लागल्याचा आवाज झाला, तेव्हा मी डोळे पुसून खाली उतरले आणि बाकावर बसले. बाबा गुडघा चोळत उभे होते.

गोटी टेबलाच्या मधोमध होती, आणि हलत नव्हती.

"चला," बाबा म्हणाले.