ब्रेकची कापलेली तार

मित्रांनो, कळसाडीच्या फाट्यावर उमाकांत मिस्तरीच्या गॅरेजमागे एक लाल, बुटकी गाडी उभी आहे. तिचे नाक चेपलेले आहे आणि बॉनेटवर कोयत्याचे घाव आहेत. ती मी, एक जुनी स्पोर्ट्स कार. मला बघून लगेच हळहळू नका. आधी ऐकून घ्या.

माझा जन्मच ठोकाठोकीत झाला. दूरच्या एका कारखान्यात पत्र्यावर मोठमोठे दट्टे आदळले, तेव्हा मला आकार आला. माझ्या काही बहिणींना तर मुद्दाम भिंतीवर नेऊन आपटले, आतल्या माणसाला किती लागेल ते बघायला! त्यांचा चुराडा झाला म्हणून माझ्या अंगी शहाणपण आले. माझे क्रूझ हा त्या शहाणपणाचाच एक भाग. रस्ता मोकळा असला की एक बटण दाबायचे. मग वेग मीच धरून ठेवते, चालवणाऱ्याने पाय काढून घेतला तरी चालते. पण ब्रेकला पाय लागला रे लागला, की मी तो वेग सोडून देते. ब्रेकच्या दांडीजवळ एक छोटा स्विच आहे. त्याची तार मला सांगते, ‘थांब.’ आणि मी निमूट ऐकते.

तरुणपणी मी सुरतेला होते. तिथे लोक माना वळवून माझ्याकडे बघत. मग नवी मॉडेले आली, मी म्हातारी ठरले आणि मालकाने मला आपल्या भाच्याच्या गळ्यात बांधले. हा भाचा म्हणजे कळसाडीच्या बन्सीलालांचा मुलगा गोपाल. घरी केळी, ऊस, कापूस, कशाची कमी नव्हती. गोपाल मला धुऊनपुसून ठेवायचा, गावभर माझे कौतुक सांगायचा. पण त्याचा हात आधी उठायचा आणि डोके मागून यायचे. मोटारपंप सुरू झाला नाही की पंपाला लाथ, टीव्हीचा रिमोट चालला नाही की तो भिंतीवर. माझ्याही वाट्याला त्याच्या थपडा येत. मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावून दोन्ही पाय आखडून बसायचे आणि दोस्तांना दाखवायचे, हा त्याचा मोठा आनंद होता.

त्याच्या आईला, वत्सलाबाईंना, या वेगाची धास्ती होती. दसऱ्याला गाडीची पूजा करताना सगळे लोक स्टेअरिंगला नाडाछडी, म्हणजे पूजेचा लाल धागा, बांधतात. वत्सलाबाईंनी मात्र खाली वाकून तो ब्रेकच्या दांडीला गुंडाळला, वेढ्यावर वेढे घालून.

“ब्रेकच तुले घर लई ई, दादा,” त्या म्हणाल्या. “पुढला दसरालोंग सोडू नको.”

पुढच्या दसऱ्यापर्यंत धागा सोडणार नाही, असे म्हणत गोपालने आईच्या पायाला हात लावला. आईवर त्याचा फार जीव होता, हे मला मान्य केलेच पाहिजे.

पण धाग्याचा गठ्ठा इतका जाड झाला, की ब्रेकचा पायडल पूर्ण वर येईना. माझ्या स्विचला वाटले, कोणीतरी ब्रेक दाबून धरला आहे. माझे मागचे लाल दिवे सारखे जळू लागले आणि क्रूझ धरेना. गोपालने बटण दाबले. पुन्हा दाबले. मग स्टेअरिंगवर बुक्की मारली. फ्यूज उपसून पाहिले, बटणाची डबी उघडून पाहिली, आणि शेवटी जॅकचा दांडा काढून माझा आरसा फोडला. मित्रांनो, मी अडून बसले नव्हते. मला शिकवले होते तेच मी करत होते. पण मार खाणाऱ्याला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला उमाकांतच्या गॅरेजमध्ये आणले. उमाकांतने माझे मागचे दिवे पाहिले, मग दार उघडून ब्रेकच्या दांडीपाशी डोकावला.

“गोपालभाऊ, बिघाड काईच नई. हाई नाडाछडी काढनी पडी. ब्रेक दाबेल ऱ्हास, म्हनीसन क्रूझ धरस नई.”

“मन्हा मायना हातनी शे ती. तिले हात लावू नको. दुसरं काई कर.”

“दुसरं काईच नई.”

“मंग हाऊ स्विचनी तार काप.”

“तार कापी त ब्रेक मारा तरी क्रूझ सुटाव नई. कोनाना जीव जाई, भाऊ. मी नई कापस.”

‘नाही’ हा शब्द गोपालला कधी सोसलाच नाही. त्याने बाकावरचा चाकाचा पाना उचलला आणि उमाकांतच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दुसरा घाव पाठीत बसला. उमाकांत ऑइलच्या डब्यांवर कोसळला. गोपालने पक्कड घेतली, ब्रेकपाशी वाकला आणि आईचा धागा नीट बाजूला सारून तार कापली. माझे मागचे दिवे विझले. मला संताप आला, पण संताप येऊन मी काय करणार होते?

तसाच घरी जाऊन त्याने आईला शेजारी बसवले आणि तापीकाठच्या प्रकाशा गावी देवदर्शनाला नेले. जाताना रस्त्यावर वर्दळ होती, म्हणून त्याने मला पायानेच चालवले. परतताना रस्ता मोकळा दिसला आणि त्याने बटण दाबले. क्रूझ लागले.

“देख माय, पाय न लावता चालस! मिस्तरी म्हने नाडाछडी काढ. मी तुन्हा धागाले हात नई लावा. तार कापी टाकी!” तो हसत म्हणाला. वत्सलाबाईंना त्यातले फारसे कळले नाही. त्या दाराची मूठ घट्ट धरून बसल्या.

फाटा जवळ आला. पुढे उसाने भरलेली बैलगाडी वळत होती. ती सुकरामची. तोरणमाळच्या बाजूने तो दर हंगामाला बायकोला घेऊन ऊसतोडीला खाली येतो. बायको सोनीबाई उसाच्या मोळ्यांवर बसली होती. गोपालने ब्रेक दाबला. तारेतून ‘थांब’ आलेच नाही. ब्रेक मला मागे ओढत होता आणि इंजिन पुढे रेटत होते. चाकांतून धूर निघाला. गोपाल ओरडला, त्याची आई ओरडली. क्रूझचे बटण बंद करायचे त्याला सुचलेच नाही, आणि मी गाडीच्या एका बैलावर जाऊन आदळले.

बैलाच्या फासळ्या माझ्या नाकाखाली मोडल्या. सोनीबाई उंचावरून रस्त्यावर पडली आणि तिची नडगी मोडली. वत्सलाबाईंचे कपाळ काचेवर आपटून फुटले. सुकराम बैलाच्या मानेला मिठी मारून बसला. “उठ रे, उठ,” एवढेच तो म्हणत होता. बैल पाय झाडत होता, मग तेही थांबले.

शेतातून ऊसतोडे धावत आले, हातातल्या कोयत्यांसकट. त्यांनी गोपालला गचांडी धरून बाहेर ओढले आणि तुडवायला सुरुवात केली. त्याचा ओठ फाटला. तेवढ्यात मनगटाला फडके गुंडाळलेला उमाकांत गॅरेजमधून धावत आला आणि एका हाताने सोनीबाईला उचलू लागला. गोपालने त्याच्याकडे बोट केले.

“मी काई नई कयं! गाडी या मिस्तरीनी बिघाडी! तार यानी कापी!”

सगळे कोयते उमाकांतकडे वळले. कोणीतरी त्याला लाथ घालून खाली पाडले. एकाने कोयता उगारला. खरे काय ते मला ठाऊक होते, पण माझ्याजवळ बोलायला फक्त हॉर्न होता आणि तोही फुटला होता. मित्रांनो, इतकी असहाय मी कधीच झाले नव्हते.

वत्सलाबाई दार ढकलून बाहेर आल्या. रक्त डोळ्यांत उतरत होते. त्या चाचपडत गेल्या आणि उमाकांतच्या अंगावर आडव्या झाल्या.

“तार मन्हा पोऱ्यानी कापी! गाडीमा बठीसन माले हाशी हाशी सांगं त्यानी. मिस्तरीले मारानं व्हई त पहिले माले मारा!”

“माय, तू काय बोली ऱ्हायनी!” गोपाल किंचाळला.

त्या उठल्या आणि त्याच्या फाटक्या तोंडावर त्यांनी थप्पड मारली. आयुष्यात पहिल्यांदा मारली असावी. उगारलेला कोयता खाली आला. पण राग कुठेतरी जायलाच हवा होता. सुकराम उठला आणि कोयता घेऊन माझ्यावर घाव घालू लागला, दम लागेपर्यंत. त्याच्या बैलाचे रक्त माझ्या नाकावर अजून ओले होते.

उमाकांत सोनीबाईला टेम्पोत घालून शहाद्याला दवाखान्यात गेला. सुकरामची उसाची गाडी मात्र रस्त्यातच उभी होती, एका बैलानिशी. वत्सलाबाईंनी मुलाकडे पाहिले.

“जू उचल.”

गोपालला कळेना.

“बैल तू मारी टाका. आते त्यानी जागावर तू उभा ऱ्हाय. ऊस कारखानालोंग जाई.”

कोणी हसले नाही. ऊसतोड्यांनी निम्म्या मोळ्या उतरवल्या आणि मेलेल्या बैलाला जोतातून मोकळे केले. गोपालने जुवाखाली खांदा घातला. त्याच्या अंगाला रक्ताचा वास होता, म्हणून उरलेला बैल फुरफुरला, बिचकला. मग दोघे मिळून ओढू लागले. मागून माणसे रेटत होती. गोपालचा खांदा सोलून सदरा लाल झाला, चपला तुटून मागे राहिल्या, तरी वत्सलाबाई शेजारून चालत होत्या आणि त्याला थांब म्हणत नव्हत्या. वळणापर्यंत मी बघत राहिले.

बन्सीलालांच्या गोठ्यातला एक बैल आता सुकरामकडे आहे. सोनीबाई लंगडत चालते. गोपालवर खटला चालू आहे. उमाकांतचे मनगट वाकडे जुळले, त्याला पाना आवळता येत नाही. त्याने गोपालला माफ केलेले नाही, आणि त्याने करावे असे मीही म्हणणार नाही.

मित्रांनो, तुमच्या हातातली वस्तू एखाद्या दिवशी चालेनाशी होईल. सांगितलेले काम करायला एखादा माणूस नकार देईल. तेव्हा हात उचलू नका. खाली वाका, नीट बघा आणि त्याचे ऐका. कदाचित तो तुम्हालाच वाचवत असेल.